हरिणीचं वाण

मागच्या हिवाळ्यात नातवानं मला एका खऱ्याखुऱ्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. उघडी जीप, पहाटेची थंडी, मांडीवर घोंगडी, आणि पुढं बसलेला गाईड सारखा तोंडावर बोट ठेवून 'शूऽऽ' करणारा. मला गप्प बसवणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली, पण वर भाडं घेऊन गप्प बसवणारा हा पहिलाच. वाघ काही दिसला नाही. वाघासाठी आलेली मंडळी हिरमुसली. मी मात्र तळ्याकाठी उभी असलेली चितळं पाहून इतकी खूश झाले की नातू म्हणाला, "आजी, हरणं तर सगळीकडे असतात. त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "आमच्या बऱ्हाणपुरात राष्ट्रीय उद्यान होतं. त्याच्या दारावर मी बसत असे."

जीपमधली सगळी हसली. गाईडसुद्धा हसला, शूऽऽ विसरून. मला राग आला. घरी आल्यावरही तो गेला नाही, म्हणून हे लिहायला बसले. हसणाऱ्यांना काही सिद्ध करून दाखवायचं नाही. त्या उद्यानाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते कुणीतरी कुठंतरी नोंदवायला हवेत, एवढंच.

मी अकोल्याची. मॅट्रिक होऊन बऱ्हाणपूरला सून म्हणून आले तेव्हा स्वातंत्र्य अजून नवं होतं. संस्थानं विलीन होत होती, मालगुजारी जात होती, आज ह्या प्रांतात असलेलं गाव उद्या कुठल्या राज्यात असेल याचा भरवसा नव्हता. अशा दिवसांत ज्याला त्याला 'राष्ट्रीय' शब्द लावायची हौस होती. चौकातल्या न्हाव्यानं 'राष्ट्रीय केशकर्तनालय' अशी पाटी लावली होती. एक राष्ट्रीय खानावळ होती, तिथली डाळ फार पातळ असे. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी उद्यान राष्ट्रीय केलं यात नवल काही नाही.

मामंजींची कापसाची आडत होती. आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि डोकं कायम तापलेलं. प्रांताच्या पूर्वेला कुठंतरी सरकार राष्ट्रीय उद्यान करतंय, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि त्यांच्या मनानं घेतलं की बऱ्हाणपूरनं मागं राहायचं नाही. त्याला इतिहासाचा आधारही त्यांनी शोधून ठेवला होता. आमच्या गावच्या राजघाटावर उभं राहून समोर पाहिलं की तापीपलीकडे जैनाबाद दिसतं. तिथं आहूखाना आहे. आहू म्हणजे फारसीत हरीण. मुघलांच्या वेळी शहाजाद्यांनी तिथं भिंती घालून हरणं पाळली होती. ज्या बेगमेसाठी पुढं आग्र्याला संगमरवर चढला, तिला आधी तिथंच पुरलं होतं असं सांगतात. मामंजी घाटावर येईल त्याला धरून म्हणायचे, "बादशहाची हरणं गेली. आता जनतेची हरणं पाहिजेत!"

आहूखान्याच्या अलीकडे एका मालगुजाराची आमराई ओसाड पडली होती. मालगुजारी गेली तसा त्यांचा उत्साहही गेला होता. त्यांनी ती बाग मामंजींच्या कमिटीला वापरायला दिली. डोंगराकडच्या एका बंगल्यावर एका साहेबानं चितळांची जोडी पाळली होती. साहेबाला मायदेशी परतायचं होतं. जंगलखात्याची परवानगी काढून ती जोडी बैलगाडीतून आली, वर केळीच्या पानांची सावली करून. नदीला पाणी कमी होतं. गाडी उतारातून पलीकडे जाताना सगळं गाव घाटावर उभं होतं, आणि मामंजी गाडीपुढं असे चालत होते की कुणाला वाटावं ह्यांचीच वरात आहे.

नर आणि मादी, एवढंच आमचं राष्ट्रीय उद्यान. पुढं त्यात दोन मोर आले, पण ते आपणहून आले आणि आपणहून गेले.

खर्चाचीही मामंजींनी सोय लावली. कापसाची गाडी विकली की त्यातून थोडासा धर्मादा काढायची बाजारात जुनी रीत होती. तो गोशाळेला जाई, उन्हाळ्यात पाणपोईला जाई. मामंजींनी व्यापाऱ्यांना गोळा करून विचारलं, "गाय काय खाते? कडबा. सरकी. हरीण काय खातं? तेच ना? मंग हरणाले हिस्सा नको?" धर्मादा मिळू लागला. जवळच्या जसोंडी गावचे बागाईतदार केळीची पानं आणून टाकत. त्यातून चारा, एक राखणदार आणि नदी ओलांडायला नाव, एवढं भागत असे.

रविवारी गाव लोटायचं. डोक्यावर टोपी घालून बापे पुढं, पोरं मध्ये, बायका मागं. लोकांनी हरणांना काय काय घातलं! शेव घातली, केळी घातली, एका हलवायानं तर मोठ्या प्रेमानं माव्याची जिलबी घातली. नर दोन दिवस उठला नाही, तेव्हापासून जिलबीला बंदी आली. आमच्या ह्यांची नोकरी नेपानगरच्या कागद कारखान्यात, ते रविवारी घरी यायचे. तेव्हा मीही एकदोनदा गेले. हरीण पाहिलं असं मात्र म्हणवत नाही. गर्दीत तिघांच्या खांद्यांमधून एक हलणारा कान पाहिला.

आमच्या घरात एक माणूस मात्र रविवारी कधीच गेलं नाही. त्या आत्याबाई, मामंजींच्या धाकट्या बहीण. आम्ही सगळे निघालो की घराला कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आत्याबाई, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी विचारतसुद्धा नसे.

आत्याबाईंना लहानपणी जैनाबादलाच दिलं होतं. ह्या घाटावरून नावेत बसून, भरल्या ओटीनं, पलीकडे गेल्या. वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा तापानं गेला. त्याच नावेनं परत आल्या आणि त्यानंतर त्यांनी नदी ओलांडली नव्हती. आमच्या घरातून पलीकडचा काठ माडीवरून दिसायचा. आत्याबाई माडीवर वाळवण घालायच्या ते त्या बाजूला पाठ करून. हे सगळं मला सासूबाईंनी सांगितलं, आत्याबाईंनी कधी तोंडातून काढलं नाही. त्या रडक्या नव्हत्याच. उलट जीभ अशी तिखट की भाजीवाली आमच्या दारात भाव करायला घाबरायची. पण हळदीकुंकू असलं की त्या मागच्या खोलीत. तिळगुळाचे तीळ त्या भाजणार, पुरण त्या वाटणार, आणि बायका आल्या की दार ओढून घेणार. ते दार बंद होण्याचा आवाज मला पहिल्या वर्षीपासून खटकत असे. नव्या सुनेला तोंड उघडायची सोय नव्हती, नाहीतर मी काहीतरी बोलून बसले असते.

बोलल्या त्या सासूबाई, आणि वेगळ्याच वाटेनं बोलल्या. एका रविवारी उद्यानातून आल्यावर त्यांनी जेवायला वाढता वाढता मामंजींना विचारलं, "ते हरीण आम्ही कधी पाहायचं?"

मामंजी चकित झाले. "आज कुठं गेली होती मंग तू?"

"गेली होती. तुमच्या मागं चालत होती. मले हरीण नाही दिसलं, तुमची टोपी दिसली."

मामंजींचा घास हातातच राहिला. त्यांच्यात हा गुण होता की खरी गोष्ट तोंडावर आली की ते आधी भडकत आणि मग ती मान्य करत. त्या दिवशी ते भडकले आणि पुढच्याच कमिटीत त्यांनी बुधवार हा 'जनाना दिन' करून घेतला. बुधवारी घरचे पुरुष बाजारात असत, दुपारचं तिकडेच खात, त्यामुळे बायकांना सवड. नावेला पडदा. पुरुष म्हणून कुणीही आत नाही. दारावर शिकलेली बाई हवी म्हणून माझी नेमणूक. पगार नाही, पण मला त्या दिवशी कुणी सोन्याच्या पाटल्या दिल्या असत्या तरी इतका आनंद झाला नसता. मॅट्रिक झाल्याचा त्या घरात मला झालेला हा पहिला उपयोग.

आता ह्या हुकमाचं काय झालं ते ऐका. राखणदार हे पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदार होते. हुकूम म्हणजे हुकूम. पहिल्या बुधवारी आमची नाव पलीकडे लागली, आम्ही आत गेलो, तर कुंपणात मादी एकटी. नर नाही. तिकडे फळ्यांच्या खोपटातून धाडधाड आवाज येतोय. हवालदार स्वतः बाहेर, भिंतीकडे तोंड करून उभे. मी विचारलं, "नर कुठं आहे?"

"बंद किया है, बाईजी. जनाना दिन है."

"अहो, तो हरीण आहे!"

"बाईजी," हवालदार भिंतीशीच बोलले, "आप लोग पदर उतारेंगी, बुर्के उठाएँगी, और वो सींग उठाकर देखता रहेगा? ये हमसे नहीं होगा."

बायका हसून हसून आंब्याच्या बुंध्यांना टेकल्या. आणि तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला, "बरं झालं. एका तरी नवऱ्याले घरात बसायची पाळी आली."

हो, आत्याबाई आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना आणलं होतं. बुधवारी घराला कडी लावली तरी चालतं असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं, आणि आत्याबाई नाही म्हणायच्या आत त्यांच्या हातात चपला दिल्या. नावेत आत्याबाई फळीकडे पाहत बसल्या होत्या. पाण्याकडे नाही, काठाकडे नाही. त्यांना हाताला धरून मी उतरवलं तेव्हा तो हात गार होता. पण बागेत शिरल्यावर त्यांना पहिलं वाक्य सुचलं ते हे, आणि मला हायसं वाटलं.

नराला बुधवारी कोंडायची ती रीत पुढं तशीच चालू राहिली. हवालदारांना समजावणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. जनावरांचे डॉक्टर एकदा येऊन म्हणाले की शिंगाळ्याला गर्दीत न सोडलेलं बरंच, तेव्हा तर त्यांची छाती फुगली.

मादी बुजरी होती. बायकांच्या बांगड्या वाजल्या की पलीकडच्या कोपऱ्यात पळायची. आत्याबाईंच्या हातात बांगड्या नव्हत्या. त्या कुंपणाशी उभ्या राहून तिला सरळ शिव्या द्यायच्या. "ये ना गं भवाने, किती नखरे करते? तुले काय आमंत्रण पाठवू?" आणि ती यायची. कान हलवत, एक एक पाय टाकत यायची आणि त्यांच्या ओंजळीत तोंड घालायची. तशी ती दुसऱ्या कुणाकडे आली नाही. आत्याबाई तिच्याशी काय काय बोलायच्या ते मी दारावरून ऐकत असे. घरात आठवडाभर तोंडातून निघत नसे इतकं त्या एका बुधवारी बोलत. तीनचार बुधवार गेले आणि मी पाहिलं, त्या माडीवर वाळवण घालताना नदीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी सासूबाईंना खुणेनं दाखवलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तेव्हा गप्प बसायचा मला राग आला नाही.

असं छान चाललं होतं. मग राज्यांची फेरमांडणी आली.

आम्ही मुंबई राज्यात जाणार की मध्य प्रदेशात, ह्यावर बाजारात रोज खडाजंगी. मराठी बोलणारे एकीकडे ओढत, हिंदी बोलणारे दुसरीकडे, आणि गंमत म्हणजे भांडताना सगळे दोन्ही भाषा मिसळूनच बोलत. शेवटी गाव नव्या मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. मामंजींनी मदतीसाठी सरकारकडे अर्ज केला होता. पण राजधानीच बिऱ्हाड हलवत होती, तिथं दोन हरणांचा अर्ज कुणाच्या हाती लागणार! इकडे कमिटीतले अर्धे लोक दुसऱ्या अर्ध्यांशी बोलेनासे झाले. धर्मादा आटला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, हे राष्ट्रीय उद्यान नक्की कोणाचं?

कमिटी बसली आणि तिनं काटकसर केली. कमिट्या काटकसर कुठून सुरू करतात हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून त्यात फरक पडलेला मी पाहिला नाही. बुधवारची नाव बंद. उद्यान फक्त रविवारी उघडं. 'स्त्रियांनी कुटुंबासह यावे.'

मामंजींनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांचाही चेहरा पडलेला होता. "नाइलाज झाला," एवढंच म्हणाले. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी भाकरी उलटली, पुन्हा उलटली. ती करपली तरी उलटतच राहिल्या.

पुढच्या बुधवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेले, तर आत्याबाई धुतलेलं पांढरं लुगडं काढून बसल्या होत्या. नेहमीच्या सवयीनं काढलं असावं. मला पाहून त्यांनी ते परत घडी केलं, नीट, कडेला कडा जुळवून, आणि फळीवर ठेवून दिलं. दुपारी माडीवर वाळवण घातलं तेव्हा त्यांची पाठ पुन्हा नदीकडे होती. मला इतकं वाईट वाटलं की मी खाली येऊन उगीच मोलकरणीवर ओरडले. सासूबाईंनीही ती पाठ पाहिली होती.

संक्रांत आली. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला माजघर भरलं. काळ्या चंद्रकळा, हलव्याचे दागिने, तिळगुळाचा वास. तीळ अर्थातच आत्याबाईंनी भाजलेले, आणि मागचं दार अर्थातच बंद. सगळ्या वाणाची वाट पाहत होत्या. आमच्याकडचं वाण चांगलं असतं अशी ख्याती होती. आदल्या वर्षी पितळेची वाटी होती.

सासूबाई म्हणाल्या, "ह्या साली माझ्याकडून कुणाले काही नाही. माझं वाण हरिणीले."

कुणाला काही कळेना. त्यांनी समजावलं. प्रत्येकीनं वाण म्हणून वाट्या-डब्या लुटायच्या त्याऐवजी एक ओंजळ सरकी हरिणीला आणि एक ओंजळ जोंधळा नावाड्याला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात इतकी हळदीकुंकवं होतात, तेवढ्यात वर्षाची बेगमी होईल. नावाड्याशी त्या आधीच बोलून आल्या होत्या. तो म्हणाला होता, "माँजी, कमिटी दे या आप दो, हमें क्या? ज्वार तो ज्वार है."

शेजारच्या वकीलीणबाई शास्त्राच्या पक्क्या. त्यांनी मान हलवली. "कल्पना चांगली आहे हो. पण वाण सवाष्णीलाच देतात."

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "तिचा नवरा जिता नाही का? दर बुधवारी खोपटात शिंगं आपटायचा. तुम्ही नाही ऐकलं?"

माजघर हसण्यानं दणाणलं. वकीलीणबाईसुद्धा हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. "बरं, सवाष्ण तर सवाष्ण. पण वाण पदरात घालतात. हरिणीला पदर कुठून आणणार?"

"ते पाहू तिकडं गेल्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि तिळगुळाचं ताट पुढं केलं.

बुधवारी राजघाटावर इतक्या बायका जमल्या की नावाड्याला फेऱ्या कराव्या लागल्या. जसोंडीहून बागाईतदारांच्या सुना बैलगाडीतून आल्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या विणकरांच्या घरातल्या खाला बुरखा सावरत आल्या, हातात पुरचुंडी. "हम वाण-वाण नहीं जानते बहन," त्या म्हणाल्या, "पर हिरनी के लिए चने लाए हैं." आत्याबाईंना आणायला सासूबाईंना फार बोलावं लागलं नाही. "वन्सं, ती भवानी तुमच्याशिवाय कुणाकडे येते का? तुम्ही नाही आल्या तर आमची सरकी कुत्रं खाईल." हे खरंच होतं, त्यामुळे आत्याबाई निघाल्या. पण नावेत त्या सगळ्यात मागं, आमच्या काळ्या लुगड्यांपासून दूर बसल्या. संक्रांतीच्या दिवसांत सवाष्णींच्या घोळक्यात कधी बसल्याच नव्हत्या, कुठं बसायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हवालदारांनी नराला कोंडलं होतं आणि भिंतीकडे तोंड करून उभे होते. कमिटीचा हुकूम मोडून दार उघडायला त्यांनी काहीच खळखळ केली नाही. जनाना दिनाच्या दिवशी भिंतीकडे पाहणाऱ्याला कोण आलं ते दिसत नाही, असं ते मला नंतर म्हणाले. देव त्यांचं भलं करो.

व्हायचं तेच झालं. एवढ्या बांगड्या, एवढी कोरी लुगडी. मादी जी पळाली ती पार टोकाला. बायका बोलावतायत, चुचकारतायत, ती थरथरत उभी. मग सासूबाईंनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई कुंपणाचं फाटक ढकलून आत गेल्या. "ये गं भवाने. इतक्या बाया तुझ्यासाठी नटून आल्या, आणि तू पाठ दाखवते?" ती आली. आत्याबाईंच्या मागं उभी राहिली आणि त्यांच्या काखेतून तोंड काढून आमच्याकडे पाहू लागली. त्यापुढं काही येईना.

सासूबाई फाटकाशी गेल्या. त्यांच्या सुपात सरकी होती.

"वन्सं, पदर पसरा."

आत्याबाईंना कळलंच नाही. मग कळलं. "मी? वहिनी, भान आहे का तुम्हाले?"

"हरिणीले पदर नाही. तुमचा उसना घेतो आम्ही. पसरा लवकर, नावाडी खोळंबला."

खोपटात नर शिंगं घासत होता तेवढाच आवाज. मला वाटलं, वकीलीणबाई आता काहीतरी बोलणार, आणि बोलल्या तर मी काय करीन याचा माझा मला भरवसा नव्हता. आत्याबाईंनी पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं. पांढरा, काठ नसलेला पदर त्यांनी पसरला, आणि सासूबाईंनी त्यात पहिली ओंजळ टाकली. "हरिणीचं आहे हो," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

मग वकीलीणबाई पुढं झाल्या. सगळ्यांच्या आधी त्या. त्यांनी ओंजळ टाकली आणि म्हणाल्या, "हरिणीचं आहे हो." मी त्यांना आजवर जे जे मनातल्या मनात म्हटलं होतं ते सगळं तिथल्या तिथं मागं घेतलं. मग एकेक येत गेली. हरिणीचं आहे हो, हरिणीचं आहे हो. खालांनी चणे घातले. मी घातली. पदर जड झाला की आत्याबाई मागच्या टोपल्यात रिकामा करायच्या, पुन्हा पसरायच्या, आणि मादी मध्येच मान घालून खाऊन घ्यायची. हळूहळू बायका ते वाक्य म्हणायचं विसरल्या. नुसत्याच येऊन पदरात घालू लागल्या.

शेवटी जसोंडीची एक नवी सून आली. अगदी कोवळी पोर, तिला ह्यातलं मागचं-पुढचं काहीच ठाऊक नसावं. तिनं सरकी घातली आणि वाण दिल्यावर वडीलधाऱ्या बाईला करतात तसा आत्याबाईंना वाकून नमस्कार केला. घाटावर वाटलेला आमच्याच घरचा तिळगूळ तिच्याजवळ होता, तो त्यांच्या तोंडाशी धरून म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

आत्याबाईंचे दोन्ही हात पदरात अडकलेले. त्यांनी तोंड उघडलं. तिळगूळ खाल्ला. किती तरी वेळ चावत राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मग म्हणाल्या, "तीळ जरा जास्तच भाजले गेले माझ्याकडून."

त्या संध्याकाळी मामंजींना सगळं कळलं. ते आधी भडकले. "कमिटीले विचारलं होतं का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही." मामंजी थोडा वेळ फेऱ्या मारत राहिले, मग मागच्या खोलीत बहिणीपाशी जाऊन बसले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, बुधवारी दारावर वेळेवर बसत जा." त्यानंतर कितीतरी संक्रांती ते वाण चाललं. कमिटी मोडली, रविवार बंद पडला, पण बुधवारची नाव चालू होती. पुढं एका मोठ्या पुरात कुंपण वाहून गेलं, हरणं जंगलखात्याकडे सोपवली, आणि आमचं राष्ट्रीय उद्यान संपलं. सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं, हे तुम्ही आधीच ठरवलं होतं का? त्या म्हणाल्या, "तू तांदूळ निवड." सासूबाईंची, आत्याबाईंची, त्या हवालदारांची, त्या बुजऱ्या जनावराची मी ऋणी आहे. माझ्या घरातलं ते मागचं दार त्यांनी उघडलं, आणि पुढच्या वर्षापासून ते हळदीकुंकवाला कधी बंद झालं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती परतीची नाव. आत्याबाई ह्या वेळी आमच्यात बसल्या होत्या, माझ्या आणि खालांच्या मध्ये. मादीनं पदराचा एक कोपरा चावून ओला केला होता. त्यांनी एकदा मागं वळून जैनाबादच्या काठाकडे सावकाश पाहिलं, मग पुढं राजघाटाकडे. घाट जवळ आला तसं मला दिसलं, त्यांच्या पदराला एक गाठ होती. मूठभर सरकी त्यात बांधलेली.

मी विचारलं, "आत्याबाई, ही कशाला ठेवली? सगळी तिकडेच द्यायची होती ना?"

त्यांनी गाठ मुठीत घट्ट धरली. "ह्याच घाटावर एकदा रिकाम्या पदरानं उतरली होती मी," त्या म्हणाल्या. "आज नाही उतरणार. हरिणीचंच आहे, बुधवारी तिले परत नेऊन देईन."

नाव काठाला लागली. मी हात पुढं केला, पण त्या एकट्याच उतरल्या.